आईच्या स्वप्नातली काळी भाकरी : एका स्वप्नाचा प्रकरण अभ्यास

गेल्या वर्षी पितृपंधरवड्यात पहाटे साडेपाचला आईचा फोन आला. इतक्या लवकर ती कधीच फोन करत नाही, त्यामुळे उचलायच्या आधीच माझ्या पोटात गोळा आला. ती म्हणाली, "तुझं आण्णा आलं हुतं. मला न्यायला." आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही, मागं कोंबडा ओरडत होता तेवढा ऐकू येत होता.

हे सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं कारण पुढच्या दोन-अडीच महिन्यांत त्या एका स्वप्नावरून आमच्या घरात जे काही झालं ते बऱ्याच घरांत होत असणार असं मला वाटतं. आईला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली लिही, फक्त गावाचं नाव घालू नको. तर गाव कोरेगाव तालुक्यातलं, साताऱ्यापासून एसटीनं पाऊण तास, एवढं पुरे. ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत. मी स्वतः समुपदेशनाचा कोर्स केलाय, शाळेत त्याच कामावर आहे, पण आईची मी मुलगी आहे, समुपदेशक नाही, आणि हा फरक मला या प्रकरणात चांगलाच कळला.

आधी थोडी माहिती. आई ६८ वर्षांची. आण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते, सातारा जिल्ह्यातच सगळी नोकरी. स्वप्न पडलं तेव्हा त्यांना जाऊन चौदा महिने झाले होते, वर्षश्राद्ध आषाढात झालं होतं. रिटायर झाल्यावर वर्षभरातच त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि नंतरची सहा-सात वर्षं आईनं त्यांचं सगळं अंथरुणात केलं. तक्रार म्हणून तिच्या तोंडून कधी आली नाही. आई गावी एकटी नाही, दादा-वहिनी आणि नातू आहेत, मी पुण्यात.

त्याच शनिवारी मी गावी गेले आणि तिला म्हटलं, स्वप्न मला परत सांग, पण आत्ता पडतंय असं सांग, आणि मी ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतलं. एकही शब्द सुधारला नाही. पुढं याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला, म्हणून ते तसंच इथं देते.

"घरातच हाय मी, आपल्या माजघरात, पर घर चालतंय. म्हंजी एसटीच हाय ती, खिडकीतनं झाडं मागं पळत्यात. माणसं पोत्यांवर बसल्यात, ज्वारीच्या. वळखीचं कुणीच न्हाय. कोपऱ्यात एक शेळी बांधलीय. मी चुलीपुढं भाकरी करतीय अन् भाकरी काळी हुतीय, एक केली काळी, दुसरी केली तीबी काळी. तेवढ्यात ह्ये आलं. खाकी कपडे, काखंत पेटी, चिमट्याची टिकटिक. मला म्हणलं, तिकीट. मी म्हणलं, अवो मी घरचीच की. तर वळखलंच न्हाय. नुसतं बघत्यात. मग हाफ तिकीट फाडलं. मी पैसं दिलं, कुठनं आलं काय म्हाईत. तर तिकिटाच्या मागं कायतरी लिवलं अन् म्हणलं, उतरताना घ्या. अन् माहुली आली. मी उतरली, पायात चपला न्हाईत. अन् गाडी गेली बी. तिकीट तसंच हातात. मागं काय लिवलंय ते दिसंना."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी. कंडक्टरकडं सुट्टे नसले की तो तिकिटाच्या मागं उरलेली रक्कम लिहून देतो आणि म्हणतो "उतरताना घ्या". आणि माहुली म्हणजे क्षेत्र माहुली, कृष्णा आणि वेण्णेचा संगम, सातारा-कोरेगाव रस्त्यावरच. आमच्या भागातले बरेच लोक अस्थिविसर्जनाला तिथं जातात. आण्णांच्या अस्थीही तिथंच सोडल्या.

आता हे सगळं एकत्र ठेवलं तर कुणालाही काय वाटणार? काळी भाकरी, मेलेला माणूस पैसे मागतो, ओळखत नाही, अनवाणी पाय, आणि उतरायचं ठिकाण माहुली. त्यात पितृपंधरवडा, त्यात पहाटेचं स्वप्न. आईनं स्वतःच निकाल लावून टाकला होता की आपलं तिकीट फाटलं. आणि ती नुसती घाबरली असती तर एक वेळ चाललं असतं, पण ती घाबरली नव्हती, ती आवराआवर करायला लागली होती. दोन पाटल्या वहिनीला काढून दिल्या. चांगली नऊवारी माझ्यासाठी वेगळी बांधून ठेवली. आणि बीपीची गोळी घ्यायची बंद केली, "आता कशाला" म्हणून. हे वहिनीनं मला रविवारी सकाळी, आई अंगणात असताना, हळूच सांगितलं.

घरात तोवर अर्थ लावून झालेच होते. शेजारच्या काकी म्हणाल्या मेलेल्या माणसानं काही मागितलं तर वाईट. माझी मोठी आत्या म्हणाली त्यानं तिकीट दिलं ना, मग दिलेलं चांगलं असतं, आयुष्य वाढलं. म्हणजे एकाच स्वप्नातून दोन जाणत्या बायकांनी दोन उलटे अर्थ काढले आणि दोघींनाही आपापल्या आयांकडून आलेलं पक्कं माहीत होतं. दादाचं म्हणणं आण्णांची काहीतरी इच्छा राहिलीय, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करू. त्याच्या म्हणण्यामागं आईची काळजीच होती, मी त्याला नको म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की जायचं तर जाऊ, पण आधी आईला नीट विचारू, आणि गोळी आजच्या आज.

गोळीचं आधी सांगते कारण ते तातडीचं होतं. सोमवारी तिला साताऱ्याला डॉक्टरांकडं नेलं. तिथं कळलं की तीन आठवड्यांपूर्वी तिचं औषध बदललं होतं, मेटोप्रोलोल सुरू केली होती. ही बीटा ब्लॉकर जातीची गोळी आहे, आणि या जातीतल्या काही गोळ्यांनी काहींना खूप ठळक, कधीकधी भयानक स्वप्नं पडतात, हे डॉक्टरांना माहीत असतं पण घरच्यांना कुणी सांगत नाही. शिवाय ही गोळी अशी अचानक सोडणं धोक्याचं, बीपी आणि ठोके एकदम वाढू शकतात. डॉक्टरांनी तिला चांगलंच दटावलं आणि औषध बदलून दिलं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस अचानक विचित्र स्वप्नं सांगायला लागलंय त्यांनी आधी नवीन गोळ्या कुठल्या सुरू झाल्यात ते बघा, आणि माणूस झोपेत हातपाय झाडत असेल, ओरडून उठून पळत असेल तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा, तो वेगळा आजार असू शकतो. आणि "आता माझं काय राहिलंय" असं कुणी म्हणायला लागलं तर ते ऐकून सोडून देऊ नका. मी आईला सरळ विचारलं होतं की तुला जगावंसं वाटत नाही का. ती म्हणाली, "तसं न्हाय गं. बोलावणं आल्यावर न्हाय कसं म्हनायचं?"

दादाला वाटलं चला, गोळीचंच निघालं, विषय संपला. मला तसं वाटलं नाही. गोळीनं स्वप्न ठळक केलं असेल, पण गोळीला माहुली माहीत नाही, गोळीला शेळी माहीत नाही. स्वप्न का पडलं आणि स्वप्नात हेच का आलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहाटेच्या स्वप्नाचंही तसंच. झोपेत साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं चालतात आणि ज्या भागात डोळे पापण्यांखाली भराभर हलतात, ज्याचा शोध शिकागोत अझरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला, तो भाग पहाटेकडं लांबत जातो, तिथं स्वप्नं जास्त आणि तिथून जाग आली की ती लक्षातही राहतात. म्हणून पहाटेचंच स्वप्न आठवतं. हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग बोलवायचं असंल तर तवाच बोलवत्याल की." तिच्या बाजूनं बरोबर होतं ते. घाबरलेल्या माणसाला झोपेचं शास्त्र सांगून धीर येत नाही.

यानंतर मी चूक केली, आणि ती इथं लिहिणं गरजेचं आहे. मला पहिल्या दिवसापासून या स्वप्नाचा अर्थ "कळला" होता. आण्णा तिला रस्त्यात उतरवून पुढं निघून गेले, म्हणजे मागं राहिल्याचं दुःख, अनवाणी म्हणजे आधार गेला, हाफ तिकीट म्हणजे जोडप्यातलं अर्धं माणूस उरलं. सगळं कसं जुळत होतं. मी हे तिला त्या सोमवारी संध्याकाळी ओट्यावर बसून समजावून सांगितलं, चांगलं दहा मिनिटं. ती ऐकत होती, गवारीच्या शेंगा मोडत होती. शेवटी म्हणाली, "तुझं बरोबर असंल बाई, तू शिकल्याली." आणि उठून आत गेली.

त्या रात्री मला झोप आली नाही. अमेरिकेतले एक मनोविकारतज्ज्ञ मॉण्टेग्यू उलमन यांनी लोकांनी गटात बसून स्वप्नावर बोलायची एक पद्धत घालून दिली होती, त्यात ऐकणाऱ्यानं "तुझ्या स्वप्नाचा अर्थ असा" असं म्हणायचंच नाही, "हे स्वप्न माझं असतं तर" अशीच सुरुवात करायची. कोर्समध्ये हे शिकले होते. अंथरुणात पडल्या पडल्या मी ते वाक्य स्वतःशी म्हटलं आणि लक्षात आलं की मी दहा मिनिटं जे सांगितलं ते आईचं नव्हतंच, ते माझं होतं. आण्णा गेले तेव्हा मी पुण्यात होते, पोचेपर्यंत सगळं झालेलं. गाडी माझी सुटली होती. आईची नाही, ती तर शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होती. माझा अर्थ चुकला हे ओळखायची खूण समोरच होती, तिनं मान हलवली पण तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

मग मी पुढच्या शनिवार-रविवारी फक्त विचारलं. एकेक वस्तू घ्यायची आणि म्हणायचं, आई, मला हे काय असतं ते माहीतच नाही असं समज आणि सांग. आणि मग, हे असं तुझ्या आयुष्यात कुठं होतं? अर्थ मी सांगायचा नाही.

पहिलं घेतलं हाफ तिकीट, कारण ते सोपं वाटलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मी विचारलं तू शेवटची एसटीनं कधी गेलीस. तर ती म्हणाली, आदल्याच दिवशी की. आणि मग ही गोष्ट निघाली जी घरात कुणालाच नीट माहीत नव्हती. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला ती साताऱ्याला एकटी गेली होती, दादाला सुट्टी नव्हती म्हणून. तिथं मशीनवर अंगठा ठेवायला सांगितला. ठसा जुळेना. दुसरं बोट, तेही नाही. आयुष्यभर शेण, राख, चूल, भांगलण केलेल्या बाईच्या बोटांवर रेघा राहतात कुठं? काउंटरवरचा पोरगा मागच्या माणसाला म्हणाला, "ह्यांचं काही येत नाही, ह्यांना बाजूला बसवा." दीड तासानं कुणीतरी मोबाईलवर चेहऱ्याचा फोटो घेऊन काम केलं. आईनं मला हे सांगताना दोन्ही हात उलटे-सुलटे करून स्वतःच बघितले. "मी जित्ती हाय ह्याचा दाखला द्याया गेली, अन् मशीन मला वळखंना," ती म्हणाली.

वळखंना. वहीत वर लिहिलेलंच होतं, "वळखलंच न्हाय". मी तिला तेवढं वाचून दाखवलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "व्हय की गं."

मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडनं म्हटलंय की जवळजवळ प्रत्येक स्वप्नात आदल्या दिवसाचा काहीतरी उरलेला तुकडा असतो, आणि एकाच चित्रात दोन-तीन गोष्टी एकमेकींवर चढवलेल्या असतात. फ्रॉइडच्या सगळ्याच म्हणण्यावर माझा विश्वास नाही, पण या दोन गोष्टी मी या प्रकरणात डोळ्यांनी बघितल्या. कारण "ओळखलं नाही" खाली अजून एक गोष्ट निघाली. मी विचारलं, आण्णांनी तुला कधी खरंच ओळखलं नाही असं झालंय का? आणि आई हसली. त्या पंधरवड्यात पहिल्यांदा.

लग्न होऊन तीन महिने झाले होते. ती आणि चुलत सासू माहुलीला देवाला गेल्या होत्या आणि परतीच्या गाडीत चढल्या तर आण्णाच कंडक्टर. नवीन नोकरी, लाजाळू माणूस, गाडीत गावातली माणसं. त्यांनी बायकोकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं, "तिकीट" म्हणाले आणि दोघींची पूर्ण तिकिटं फाडली. ती रडकुंडीला आली. रात्री घरी त्यांनी सांगितलं, चेकिंगवाले पुढच्या स्टॉपला उभे असायचे, विनातिकीट माणूस सापडला तर मी घरी बसलो असतो, आणि घरची आहे म्हणून सोडली असं लोक म्हणाले असते. पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले होते. "अन् मग म्हणलं, तुला वळखत न्हाय असं हुईल का," हे सांगताना ६८ वर्षांची माझी आई लाजली.

ज्या माहुलीला आम्ही सगळे अस्थींची माहुली समजत होतो ती तिच्यासाठी दोन माहुल्या होत्या आणि जुनी जास्त खोल होती. हे मला कुठल्या स्वप्नफळाच्या यादीत सापडणार होतं?

पण तरी आईची भीती गेली नव्हती. कारण काळी भाकरी. काळी भाकरी म्हणजे अशुभ, याच्यावर ती ठाम होती, आणि मीही ते गृहीतच धरलं होतं, करपलेली भाकरी असं माझ्या डोक्यात चित्रसुद्धा तयार होतं. रविवारी दुपारी ती चुलीशेजारीच बसली होती. मी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, किती करपली होती गं?

"करपली नव्हती."

मग काळी कशी?

"काळीच. म्हंजी... पीठच काळं हुतं." तिचा हात हवेत भाकरी थापतो तसा फिरला, आणि थांबला. "नाचणीची असती तशी. अगं बया. नाचणीचीच हुती ती."

आमच्याकडं नाचणी नाही. आमचा भाग ज्वारीचा. नाचणी पिकते पश्चिमेला, जावळीच्या डोंगरात, कोयनेच्या पाण्याकडं. आणि आण्णा नऊ वर्षं तिकडच्या एका मुक्कामी गाडीवर होते. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात, पहाटे पहिली फेरी घेऊन परत. त्या गावात देवळाच्या पडवीत हे दोघं झोपायचे आणि एका घरातनं त्यांना जेवण यायचं, नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. आण्णा घरी आले की त्या भाकरीचं कौतुक सांगायचे. आईनं दोन-चारदा नाचणी आणून करून बघितली. चिरायची, तुटायची. आण्णा खायचे पण म्हणायचे, "तशी न्हाय झाली." आणि आई म्हणायची, मला एकदा तिकडं न्या, मी बघते कशी करतात ती.

मी विचारलं, मग आण्णा काय म्हणायचे?

तिनं माझ्याकडं बघितलं, डोळे भरले होते पण आवाज अगदी साफ होता. "म्हणायचं, उतरताना घे."

हे मलाही आठवत होतं, आणि इतके दिवस लक्षात आलं नव्हतं याचं मला अजून नवल वाटतं. आण्णांचं ते घरातलं ठरलेलं वाक्य होतं. सायकल मागितली, उतरताना घे. आईनं पंढरपूर काढलं, उतरताना घे. म्हणजे आत्ता सुट्टे नाहीत, पुढं बघू, आणि मोठ्या गोष्टींसाठी त्याचा अर्थ असायचा रिटायर झाल्यावर. दर १ जूनला, एसटीच्या वाढदिवसाला, ते आम्हाला सांगायचे की १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी निघाली, आणि मी रिटायर झालो की तुमच्या आईला घेऊन पासवर सगळा महाराष्ट्र बघणार. मग झटका आला.

आई म्हणाली, "मला वाटत हुतं त्यास्नी माझ्याकनं पायजे काय तरी. न्यायचंय म्हून आलं. पर बाळे, तिकिटाच्या मागं लिवल्यालं पैसं कुणाचं असत्यात? कंडक्टरचं न्हाय, पाशिंजराचं." आणि उठून बसली. खरोखर उठून, पाठ ताठ करून. "म्हंजी त्येच माझं देणं लागत्यात."

मी तिथं एक शब्द बोलले नाही. माझ्या पहिल्या अर्थाच्या वेळचा चेहरा आणि हा चेहरा, यांत जो फरक होता तोच मी या सगळ्या अभ्यासाचा निष्कर्ष मानते. अर्थ बरोबर आहे की नाही हे जुळणीवरून ठरत नाही, जुळणी माझीही चोख होती. ज्याचं स्वप्न त्याच्या अंगात काहीतरी हललं पाहिजे. आणि तो अर्थ तिनं स्वतः लावला, कंडक्टरच्या बायकोला जो हिशेब पाठ असतो त्याच हिशेबानं.

सगळं उलगडलं असं मात्र नाही. ज्वारीची पोती आमच्या माजघरातलीच, ते ठीक. चपलांचं आई म्हणाली "गाडीत ऱ्हायल्या आसत्याल" आणि तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, म्हणून मीही ओढलं नाही. शेळीचं शेवटपर्यंत काही कळलं नाही. आम्ही कधी शेळी पाळली नव्हती. फ्रॉइडनंच म्हटलंय की प्रत्येक स्वप्नात एक जागा अशी असते जिथं पुढं जाता येत नाही, त्याला त्यानं स्वप्नाची नाभी म्हटलं. शेळी तिथंच बांधलेली राहू दे.

दादाचं काय करायचं हा प्रश्न होता. तो अजून पूजेवर होता आणि मला त्याला हरवायचं नव्हतं. मी त्याला चरकसंहितेतलं दाखवलं. आयुर्वेदाच्या त्या जुन्या ग्रंथाच्या इंद्रियस्थान नावाच्या भागात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनानं मागितलेलं, कल्पनेतलं, पुढचं सुचवणारं, आणि शरीरातल्या दोषामुळं पडलेलं. आणि पहिल्या पाचांना फळ नसतं असं वैद्यानं सांगावं, असंही तिथंच म्हटलंय. म्हणजे पुढचं सांगणारं स्वप्न सातांत एकच. मी म्हटलं, दादा, गोळीमुळं म्हण तर दोषज आहे, माहुली अनुभूत आहे, नाचणीची गोष्ट तिनं आण्णांकडून नुसती ऐकलेली, म्हणजे श्रुत. आणि तिला तिकडं जायचं होतं, ते प्रार्थित. त्यानं विचार केला आणि म्हणाला, मग तिची इच्छा राहिलीय, त्यांची नाही. तो इतकं सरळ बोलला की मला पुढं काही बोलायची गरजच राहिली नाही.

सर्वपित्रीला नेहमीसारखं पान वाढलं. आईनं त्यात नाचणीची भाकरी ठेवली, चिरलेलीच.

दिवाळी झाल्यावर, थंडी पडली तेव्हा मी तिला घेऊन साताऱ्याहून त्या मुक्कामी गाडीनं गेले. गाडी अजून जाते. वळणावळणानं अंधार पडत गेला, खाली कुठंतरी पाणी चमकत होतं, आई खिडकीला नाक लावून बसली होती आणि दर थांब्याला नाव मोठ्यानं वाचत होती. ही नावं ती आयुष्यभर फक्त ऐकत आली होती. कंडक्टर पंचविशीचा पोरगा, हातात मशीन. चिमटा नाही, पेटी नाही. आईनं त्याला सांगितलं माझे मालक ह्याच गाडीवर होते. तो म्हणाला, "मग आजी, तुमचं तिकीट कसं काढायचं?" आई म्हणाली, "काढ बाबा. चेकिंग असंल."

जेवण द्यायच्या त्या घरातल्या म्हाताऱ्या बाई आता नाहीत, सून आहे, तिचेही केस पिकलेत. तिनं आण्णांना ओळखलं, "ते उंच कंडक्टर, हळू बोलायचे ते." फार काही आठवण निघाली नाही, आणि आईला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. तिचं लक्ष परातीवर होतं. त्या बाईनं पाणी खळखळून उकळलं, त्यात चिमूटभर मीठ टाकलं, पीठ थेट त्या पाण्यात घालून दोन मिनिटं झाकून ठेवलं आणि मग हाताला पाणी लावत इतकं मळलं, इतकं मळलं की पीठ मेणासारखं झालं. आई पुढं सरकत सरकत पार तिच्या गुडघ्याला लागून बसली होती. "मी पाणी कोमट घ्यायची," ती म्हणाली. मग म्हणाली, "आन हिकडं," आणि दुसरी भाकरी तिनं थापली. काठाला जरा चीर गेली. तिसरीला नाही गेली.

गोळी आता रोज चालू आहे, पाटल्या वहिनीनं परत दिल्या, आईनं त्यातली एक ठेवून घेतली आणि एक तिलाच दिली. नऊवारी माझ्याकडं आहे.

स्वप्न परत पडलं का असं मी मध्ये एकदा फोनवर विचारलं. म्हणाली, हो, एकदा आले होते, नुसते बसले होते, तिकीट मागितलं नाही. अजून काय? अजून काही आठवत नाही म्हणाली. आणि लगेच विचारलं, पुण्यात नाचणीचं पीठ काय किलो मिळतं, कारण इकडं दुकानदार फार महाग लावतो.